मॉर्मन पंथ आणि मराठी मुलूख

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्याला ख्रिस्ती धर्मप्रचार नवा नाही. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लूस्टिस या ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ नावाच्या बंदराचा उल्लेख केला असून तेथील ख्रिस्ती समाजासाठी इराणमधून बिशप नेमला जात असल्याचे नोंदवले आहे. हे बंदर म्हणजे उल्हास नदीच्या काठचे आजचे कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना धर्मवादातून प्राण गमवावे लागले आणि त्या घटनेमुळे या खाडीकाठच्या गावाचे नाव मध्ययुगीन युरोपातील मठांपर्यंत पोहोचले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी वसई आणि ठाणे ताब्यात घेतल्यानंतर रोमन कॅथलिक पंथ या भागात रुजला, १७३९ मध्ये मराठ्यांनी हा प्रदेश जिंकल्यानंतरही तो टिकून राहिला, आणि १९८८ मध्ये केरळी सिरो-मलबार परंपरेतील कॅथलिकांसाठी कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. या प्रदीर्घ इतिहासात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे एक छोटे पान आहे, ज्याची आठवण मराठी ग्रंथांत क्वचितच आढळते. मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग पूर्ण होत असतानाच अमेरिकेत नव्याने जन्मलेल्या मॉर्मन पंथाचे प्रचारक मुंबई आणि पुण्यात उतरले, जवळजवळ तीन वर्षे धडपडले आणि निघून गेले. त्यांना यश का आले नाही, हा प्रश्न या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा पंथ काय मानतो आणि तो कसा घडला, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

पंथाचा उदय

ज्यांना जग ‘मॉर्मन’ म्हणून ओळखते, त्यांच्या मुख्य संघटनेचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे, म्हणजेच अखेरच्या काळातील संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च. येथे ‘संत’ हा शब्द श्रद्धावान सभासद या अर्थाने येतो. मराठी वाचकाच्या मनातील ज्ञानोबा-तुकोबांसारख्या सत्पुरुषाचा अर्थ त्याला नाही. ‘मॉर्मन’ हे नाव त्यांच्या विशेष धर्मग्रंथावरून पडले असून २०१८ पासून चर्चचे नेतृत्व त्याऐवजी पूर्ण नावाचाच वापर करावा, असा आग्रह धरत आले आहे. प्रस्तुत प्रकरणात वाचकांच्या सोयीसाठी रूढ नाव कायम ठेवले आहे.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील पामायरा या गावी आले. त्या काळी या परिसरात धर्मजागृतीच्या सभांना उधाण आले होते, प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्माचे अनेक उपपंथ परस्परांशी स्पर्धा करीत होते आणि यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न सामान्य माणसाला छळत होता. स्मिथने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, १८२० मध्ये रानात प्रार्थना करीत असताना परमपिता आणि येशू ख्रिस्त यांनी त्याला दर्शन दिले व कोणत्याही प्रचलित पंथात सामील होऊ नकोस, असे बजावले. १८२३ मध्ये मोरोनाय नावाच्या देवदूताने त्याला जवळच्या टेकडीत पुरून ठेवलेल्या सोन्याच्या पत्र्यांची माहिती दिली, १८२७ मध्ये ते पत्रे त्याच्या हाती आले आणि दैवी साहाय्याने केलेल्या त्यांच्या अनुवादातून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ सिद्ध झाला, अशी श्रद्धावंतांची धारणा आहे. हा ग्रंथ मार्च १८३० मध्ये पामायरा येथे छापला गेला आणि ६ एप्रिल १८३० रोजी चर्चची रीतसर स्थापना झाली.

या ग्रंथातील कथानकानुसार, इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षे जेरुसलेममधून एक कुटुंब समुद्रमार्गे अमेरिका खंडात गेले, त्याच्या वंशजांचे दोन समूह होऊन त्यांच्यात शतकानुशतके संघर्ष चालला आणि पुनरुत्थानानंतर येशू ख्रिस्ताने या लोकांनाही दर्शन दिले. मॉर्मन नावाच्या संदेष्ट्याने हा इतिहास पत्र्यांवर संकलित केला व त्याचा पुत्र मोरोनाय याने तो पुरून ठेवला. चर्चबाहेरील पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासकार या कथानकाला ऐतिहासिक मानत नाहीत. अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे पूर्वज प्रामुख्याने ईशान्य आशियातून आले, असे अनुवांशिक संशोधन सांगते. सश्रद्ध मॉर्मन मात्र या ग्रंथाला बायबलच्या जोडीचे, ख्रिस्ताविषयीचे दुसरे साक्षीपत्र मानतात. पंथाचा अभ्यास करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

नव्या पंथाला आरंभापासून कडवा विरोध झाला. अनुयायी न्यूयॉर्कमधून ओहायोत, तेथून मिझुरीत आणि मिझुरीतून इलिनॉयमध्ये गेले. मिझुरीच्या गव्हर्नरने २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मॉर्मन लोकांना राज्यातून हाकलावे किंवा नष्ट करावे, असा आदेश काढला. तो औपचारिकरीत्या रद्द होण्यास १९७६ साल उजाडले. इलिनॉयमध्ये त्यांनी नॉव्हू हे भरभराटीचे शहर वसवले, परंतु २७ जून १८४४ रोजी कार्थेज येथील तुरुंगात शिरलेल्या जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये ओसाड सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचले. पुढे युटा हे राज्य ज्या भूमीत उभे राहिले, ती ही भूमी पंथाने देवाने दिलेले ‘सियोन’ मानली आणि जगभरातील अनुयायांनी तेथे येऊन वसावे, असा उपदेश सुरू केला. ‘सियोनात एकत्र येण्याचा’ हा सिद्धान्त मराठी मुलखातील मोहिमेच्या दृष्टीने निर्णायक ठरला.

छळ सोसणाऱ्या या समाजाचे स्वतःचे हातही नेहमी स्वच्छ राहिले नाहीत, हेही नोंदवणे आवश्यक आहे. ११ सप्टेंबर १८५७ रोजी युटातील माउंटन मेडोज येथे स्थानिक मॉर्मन सैनिकी तुकडीने आपल्या प्रदेशातून जाणाऱ्या सुमारे १२० स्थलांतरितांची कत्तल केली. ही घटना अमेरिकेच्या पश्चिमेकडील इतिहासातील एक काळे पान मानली जाते.

श्रद्धेची चौकट

मॉर्मन स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, तर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट चर्च त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, ग्राह्य धरत नाहीत. या मतभेदाचे मूळ ईश्वराविषयीच्या कल्पनेत आहे. परंपरागत ख्रिस्ती धर्म पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच ईश्वरी तत्त्वाचे त्रैक्य मानतो. मॉर्मन मतानुसार ही तीन भिन्न अस्तित्वे असून ती हेतूने एक आहेत आणि पित्यालाही मानवासारखे, परंतु अविनाशी शरीर आहे. मनुष्याचा आत्मा जन्मापूर्वीही ईश्वराजवळ अस्तित्वात होता, पृथ्वीवरील जीवन ही त्याच्या वाढीची पायरी आहे आणि आज्ञापालन करणारा जीव उत्तरोत्तर ईश्वरासारखा होऊ शकतो, असेही हा पंथ शिकवतो. प्रेषितांच्या काळानंतर मूळ चर्चचा अधिकार लोप पावला होता आणि जोसेफ स्मिथच्या द्वारे त्याची पुनःस्थापना झाली, हा या सर्व श्रद्धांचा पाया आहे. म्हणूनच चर्चचा अध्यक्ष हा जिवंत संदेष्टा मानला जातो आणि ईश्वरी संदेश आजही येऊ शकतात, अशी धारणा आहे. बायबल आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ यांच्या जोडीने ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ आणि ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’ हे दोन ग्रंथ पवित्र मानले जातात.

आदामाच्या पापाची शिक्षा त्याच्या वंशजांना होत नाही, प्रत्येकाला स्वतःच्या पापाचेच फळ मिळते, असे हा पंथ मानतो. त्यामुळे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा केला जात नाही आणि आठव्या वर्षी, पूर्ण पाण्यात बुडवून तो दिला जातो. मृत्यूनंतर बहुतेक सर्वांना तीन वैभवी लोकांपैकी एकात स्थान मिळते आणि त्यांतील सर्वोच्च लोकाचे फळ विवाहबंधनाशी जोडलेले आहे, कारण मंदिरात विधिपूर्वक लागलेले लग्न मृत्यूनंतरही टिकते, अशी श्रद्धा आहे. येथे मंदिर आणि साधे सभागृह यांत भेद केला पाहिजे: रविवारची उपासना सभागृहात होते व तेथे कोणासही जाता येते, तर मंदिर हे विशेष संस्कारांसाठी असून समर्पणविधीनंतर त्यात केवळ पात्र ठरलेल्या सभासदांनाच प्रवेश मिळतो.

मंदिरातील एक संस्कार भारतीय वाचकाला विशेष विचार करायला लावणारा आहे. जे पूर्वज बाप्तिस्मा न घेता मरण पावले, त्यांच्या वतीने जिवंत वंशज पाण्यात उतरतो. तो बाप्तिस्मा स्वीकारायचा की नाकारायचा, याचा निर्णय परलोकातील आत्मा स्वतः करतो, असे मानले जाते. पितरांच्या नावे तर्पण करणाऱ्या समाजाला पूर्वजांविषयीच्या कर्तव्याची ही भावना परकी वाटणार नाही, मात्र दोन्हींचा हेतू वेगळा आहे, कारण श्राद्धात पितरांच्या तृप्तीची कामना असते, तर या संस्कारात त्यांना नव्या धर्मकराराचे आमंत्रण दिले जाते. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावे असे बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाल्यावर तीव्र आक्षेप घेतले गेले आणि १९९५ मध्ये चर्चने ते थांबवण्याचे मान्य केले. याच श्रद्धेपोटी चर्चने जगातील सर्वांत मोठ्या वंशावळी-संग्रहांपैकी एक उभारला असून हरिद्वार येथील पंड्यांच्या वंशावळींच्या वह्यांचेही मायक्रोफिल्मवर चित्रण करून घेतले आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या कामाचे मोल चटकन कळेल.

दैनंदिन आचाराचे नियमही काटेकोर आहेत. १८३३ मधील एका संदेशानुसार मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य आहेत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागतो, महिन्यातून एक दिवस दोन वेळचे जेवण सोडून वाचलेली रक्कम गरजूंसाठी दिली जाते आणि स्थानिक पातळीवर पगारी पुरोहितवर्ग नसून सभासदच आपापला व्यवसाय सांभाळून बिशपपर्यंतच्या जबाबदाऱ्या विनावेतन पार पाडतात. सामान्य सभासदाला सतत काही ना काही काम देण्याच्या या पद्धतीतून संघटनेला बळ मिळते. दुसऱ्या बाजूला, धर्माधिकाराची दीक्षा आजही केवळ पुरुषांना मिळते आणि कृष्णवर्णीय पुरुषांना तर ती जून १९७८ पर्यंत नाकारली जात होती. या धोरणावर चर्चच्या आतून व बाहेरून दीर्घकाळ टीका झाली.

पंथाचे नाव ज्या प्रथेशी सर्वाधिक जोडले जाते ते बहुपत्नीत्व जोसेफ स्मिथच्या काळात गुप्तपणे सुरू झाले, २९ ऑगस्ट १८५२ रोजी जाहीर करण्यात आले आणि अमेरिकी कायद्यांच्या वाढत्या दबावानंतर १८९० मध्ये अध्यक्ष विलफर्ड वुडरफ यांच्या जाहीरनाम्याने मागे घेतले गेले. आज मुख्य चर्चमध्ये अशा विवाहासाठी सभासदत्व गमवावे लागते. जे छोटे गट ती प्रथा चालू ठेवतात, ते मुख्य चर्चपासून फुटून निघालेले आहेत.

मुंबई आणि पुण्यातील मोहीम

भारतात मॉर्मन विचार प्रथम कलकत्त्यात पोहोचला, तोही १८४९ च्या सुमारास बंदरात उतरलेल्या इंग्रज खलाशांच्या तोंडून. त्यांच्यामुळे काही युरोपीय रहिवाशांत उत्सुकता निर्माण झाली आणि १८५१ मध्ये ब्रिटनहून अधिकृत प्रचारक धाडण्यात आला. मुंबई इलाख्याची जबाबदारी ह्यू फिंडले या स्कॉटिश प्रचारकाकडे आली, जो १८५२ मध्ये मुंबईत दाखल झाला. पुढे त्याचा भाऊ ॲलन फिंडलेही त्याला येऊन मिळाला.

याच सुमारास सॉल्ट लेक शहरात भरलेल्या विशेष परिषदेत शंभराहून अधिक पुरुषांना जगाच्या निरनिराळ्या भागांत प्रचारासाठी नेमण्यात आले. त्यांपैकी नऊ जण भारतासाठी आणि चार जण सयामसाठी होते. बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा याच परिषदेत झाली, म्हणजेच ज्या सभेने भारताकडे प्रचारक पाठवले, त्याच सभेने त्यांच्या मार्गातला सर्वांत मोठा अडथळाही निर्माण केला. हे तेरा जण सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मान्सून’ नावाच्या जहाजाने निघून एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्यात उतरले. त्याच महिन्यात, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि मे १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण होण्यास मात्र अजून जवळजवळ दशकभराचा अवकाश होता. त्यामुळे त्या वर्षांत मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी सहसा होडीने पनवेलला आणि तेथून खंडाळ्याच्या घाटरस्त्याने वर चढत असे.

मुंबईत पाद्री आणि वृत्तपत्रे यांचा विरोध वाढत असताना फिंडलेने पुण्याकडे लक्ष वळवले. तेथील मोठ्या लष्करी छावणीत इंग्रजी समजणारा श्रोतृवर्ग तयार होता. काही शिपाई आणि त्यांचे कुटुंबीय त्याच्या सभांना येऊ लागले, परंतु लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीच्या हद्दीत प्रचार करण्यास मनाई केली आणि त्याला हद्दीबाहेर जागा घेऊन काम करावे लागले. तरीही पुण्यात सभासदांची एक छोटी शाखा उभी राहिली, जिच्यात युरोपीय आणि मिश्रवंशीय लोकांचा भरणा होता. एतद्देशीय समाजापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्नही फिंडलेने केला आणि १८५५ मध्ये मुंबईत त्याने खास मराठ्यांना उद्देशून, खऱ्या व जिवंत ईश्वराविषयीची एक पुस्तिका छापली. प्रचारकांची दुसरी जोडी कराचीत, आणखी काही जण मद्रास व कलकत्त्याच्या परिसरात काम करीत होते. १८५५ मध्ये फिंडले परतला आणि १८५६ मध्ये शेवटच्या प्रचारकाने कलकत्ता सोडल्यावर ही मोहीम संपुष्टात आली.

मोहीम का थांबली

अपयशाची कारणे शोधताना त्या काळच्या पुण्याचे चित्र समोर ठेवणे उपयुक्त ठरते. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ पासून मुंबईत होते. त्यांनी मराठी शिकून बायबलचे भाषांतर केले, छापखाना चालवला आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. महात्मा जोतीराव फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली होती. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते मराठीतील एक प्रमुख ख्रिस्ती लेखक झाले. थोडक्यात, फिंडले पुण्यात पोहोचला तेव्हा धर्म या विषयावर मराठी समाजात जोरदार मंथन चालू होते, परंतु ते मराठी भाषेत, शाळांच्या वर्गांत आणि नियतकालिकांच्या पानांवर चालले होते.

या मंथनात मॉर्मन प्रचारकांना शिरकाव मिळाला नाही. त्यांच्याकडे शाळा, दवाखाना किंवा स्वतःचा छापखाना नव्हता. ‘थैली किंवा झोळी न घेता’ फिरण्याचा बायबलमधील आदेश ते अक्षरशः पाळत आणि अन्न व निवाऱ्यासाठी श्रोत्यांवर अवलंबून राहत. अमेरिकेतील खेड्यांत ही पद्धत चालून गेली होती, परंतु जातिनियमांमुळे पंक्तिव्यवहार बंदिस्त असलेल्या समाजात परधर्मीयाला घरी जेवू घालणे अवघड होते आणि निष्कांचन गोऱ्या माणसाला युरोपीय वसाहतीतही मान नव्हता. त्यातच बहुपत्नीत्वाच्या घोषणेची बातमी वृत्तपत्रांतून येऊन थडकली आणि जे युरोपीय त्यांचे मुख्य श्रोते होते, तेच दुरावले.

या सर्वांपेक्षा खोल कारण पंथाच्या शिकवणुकीत होते. त्या काळचा मॉर्मन प्रचारक नवदीक्षिताला येथे राहून मंडळी उभारण्यास सांगत नसे, तर सियोनात चलण्याचे आवाहन करी. ज्याला लष्कराच्या नोकरीतून मुक्तता मिळे आणि प्रवासखर्च झेपे, तो निघून जाई. ज्याला ते जमत नसे, तो एकाकी पडे. ह्यू फिंडलेच्या काळातील सभासद विल्यम टेट याची भारतात जन्मलेली पत्नी एलिझाबेथ झेवियर टेट हिने समुद्रमार्गे इंग्लंड आणि तेथून अमेरिका गाठली व १८५६ मध्ये विली हातगाडी तुकडीबरोबर युटाची वाट धरली. हातगाडीवर सामान लादून पायी प्रेअरी ओलांडणाऱ्या सुमारे ५०० जणांच्या या तुकडीला अवेळी बर्फवृष्टीने गाठले आणि साठहून अधिक माणसे वाटेत दगावली. एलिझाबेथ वाचली आणि युटातील सीडर सिटी येथे स्थायिक झाली. अशा धाडसी माणसांची श्रद्धा निःसंशय उत्कट होती. पण सर्वांत निष्ठावान सभासदच देश सोडून गेल्यावर मुंबई-पुण्यात पंथ टिकवणार कोण, या प्रश्नाला मोहिमेजवळ उत्तर नव्हते. ज्या मिशनांनी मराठी भाषा आत्मसात केली आणि येथील माणसाला येथेच राहून ख्रिस्ती होऊ दिले, त्यांच्या मंडळ्या अहमदनगर, सातारा, सोलापूर येथे रुजल्या आणि त्यातील अहमदनगरशी जोडलेल्या परंपरेतून रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी मराठीला लाभला.

दुसरा प्रवेश

विसाव्या शतकात चर्चने ‘एकत्र येण्याचा’ अर्थ बदलला आणि सभासदांनी आपापल्या देशातच राहून मंडळ्या बळकट कराव्यात, असे सांगण्यास सुरुवात केली. भारतातील आजचे मॉर्मन जीवन या बदलावर उभे आहे. सामोआत बाप्तिस्मा घेतलेले डॉ. एडविन धर्मराजू आणि त्यांच्या पत्नी एल्सी हे डिसेंबर १९७८ मध्ये हैदराबादला आपल्या आप्तेष्टांकडे विशेष प्रचारक म्हणून आले आणि त्यांच्या कुटुंबातील बावीस जणांनी दीक्षा घेतली. परदेशी प्रचारकाच्या व्याख्यानांपेक्षा नात्यागोत्याच्या माणसाचा शब्द अधिक परिणामकारक ठरतो, हे या घटनेने दाखवून दिले. ‘बुक ऑफ मॉर्मन’मधील निवडक भाग तेलुगू, तमिळ आणि हिंदीत आले, १९९३ मध्ये बंगळुरू येथे स्वतंत्र मिशन, म्हणजे प्रचारकार्याचा प्रशासकीय विभाग, स्थापन झाला आणि २००७ मध्ये नवी दिल्ली येथे दुसरा. मे २०१२ मध्ये हैदराबादला देशातील पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा स्वयंपूर्ण समूह, अस्तित्वात आला. एप्रिल २०१८ मध्ये बंगळुरू येथे भारतातील पहिल्या मंदिराची घोषणा झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचे भूमिपूजन पार पडले. जगभरातील सभासदसंख्या १ कोटी ७० लाखांच्या पुढे असताना भारतात ती काही हजारांच्या घरात आहे व तिचा मुख्य भार दक्षिणेकडे आहे.

मिशनरी जीवन आणि कायद्याची मर्यादा

या चर्चचे पूर्णवेळ प्रचारक सत्तर हजारांहून अधिक असून त्यांतील बहुसंख्य विशीच्या आसपासचे तरुण-तरुणी आहेत. तरुणांसाठी किमान वय २०१२ पासून १८ आहे. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष हे काम करतात, त्याचा खर्च ते स्वतः, त्यांचे कुटुंब किंवा स्थानिक मंडळी उचलते आणि कोणत्या देशात जायचे, हे चर्चचे नेतृत्व ठरवते. ते नेहमी जोडीने राहतात आणि छातीवर काळी नामपट्टी लावतात, मुलगे बहुधा पांढरा सदरा व टाय अशा पोशाखात असतात. मुलांना ‘एल्डर’ आणि मुलींना ‘सिस्टर’ असे संबोधले जाते. ऐन उमेदीच्या वयात भाषा शिकणे, रोज नकार पचवणे आणि शिस्तीत राहणे यांतून चर्चला पुढील पिढीचे नेतृत्व मिळते. या पद्धतीचा परिणाम श्रोत्यांइतकाच, किंबहुना अधिक, खुद्द प्रचारकावर होतो. जोडीने घरोघर जाणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांशी त्यांची अनेकदा गल्लत केली जाते, परंतु तो चार्ल्स टेझ रसेल यांच्या बायबल-अभ्यासगटांतून निर्माण झालेला सर्वस्वी वेगळा पंथ आहे.

भारतात परदेशी प्रचारकांना व्हिसा मिळणे अवघड असल्याने हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय तरुणच करतात. राज्यघटनेचे कलम २५ प्रत्येक व्यक्तीला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. परंतु आपल्या धर्माची शिकवण सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून प्रचारकाला बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, तसे श्रोत्यालाही प्रश्न विचारण्याचे आणि नकार देण्याचे स्वातंत्र्य आहे. भीती किंवा आमिष यांना यात स्थान नाही.

निष्कर्ष

मॉर्मन पंथाचा अभ्यास करताना दोन टोके टाळावी लागतात. एका टोकाला त्याच्या ऐतिहासिक दाव्यांची चिकित्सा न करता ते स्वीकारण्याची वृत्ती आहे. दुसऱ्या टोकाला बहुपत्नीत्व आणि सोन्याचे पत्रे यांवर हसून संपूर्ण समाजाला मोडीत काढण्याची वृत्ती आहे. ज्या समाजाने तीन राज्यांतून हाकलले जाऊनही वाळवंटात शहरे वसवली, जो आपल्या तरुणांची दोन वर्षे सेवेसाठी मागतो आणि ती मिळवतो, तो गंभीर अभ्यासाला पात्र आहे. आणि ज्या समाजाने वंशभेदाचे धोरण १९७८ पर्यंत चालवले, तो गंभीर टीकेलाही पात्र आहे.

१८५२ ते १८५५ या काळातील मुंबई-पुण्याचा अनुभव मात्र केवळ या पंथापुरता मर्यादित नाही. कोणताही विचार परक्या भूमीत रुजायचा असेल, तर त्याला तिथल्या भाषेत बोलावे लागते आणि तिथल्या माणसाला तिथेच उभे राहू द्यावे लागते, हे त्यातून सिद्ध होते. फिंडलेच्या पुस्तिका, त्या काळची मुंबईतील वृत्तपत्रे आणि लष्करी छावणीचा पत्रव्यवहार यांच्या आधारे या मोहिमेचा मराठीत सविस्तर इतिहास लिहिला जाण्याची गरज आहे. मुंबईतील पुराभिलेखागार ठाणे-कल्याणच्या वाचकाला लोकलच्या एका प्रवासावर आहे आणि १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय तर ठाण्यातच आहे. या भागातील इतिहासप्रेमी तरुणांनी हे काम हाती घ्यावे.